आर्क्टिक मंकीज पहिल्यांदाच ऐकतोय, ठाणे-पनवेल लोकलमध्ये कुठल्या अल्बमपासून सुरुवात करू? शफल चालेल का?

'फेवरिट वर्स्ट नाइटमेअर' (२००७) पासून करा आणि शफल अजिबात नको. मी रोज याच लाइनवर असतो, सगळे सातही अल्बम येता-जाता ऐकून झालेत. हा जेमतेम ३७ मिनिटांचा, पनवेलच्या आत संपतो, आणि यात गाण्यांचा क्रम म्हणजे अर्धी मजा, पहिलंच 'ब्रायनस्टॉर्म' ड्रम्स घेऊन अंगावर येतं आणि शेवटचं बारावं '५०५' ऑर्गनच्या दोनच कॉर्ड्सवर दबकत दबकत चालू होऊन शेवटी गिटार नुसती फुटते, तेच शफलमध्ये तुर्भ्याला मध्येच लागलं की सगळा कचरा. माझ्या यादीत नंतर:

- 'हम्बग' (२००९), अमेरिकन रॉक गिटारिस्ट जॉश होमीसोबत केलेला, जड आणि काळोखा, दोनदा ऐकल्याशिवाय पचत नाही
- 'एएम' (२०१३), याला दुसरा ठेवला तरी भांडणार नाही
- पहिला, २००६ चा

फक्त एक, रील्समधलं 'आय वॉना बी युअर्स' आवडून इकडे आला असाल तर सरळ 'एएम'च लावा, 'ब्रायनस्टॉर्म' ऐकून पळून जाल. २०१८ चा पियानोवाला शेवटी, गर्दीत तर नकोच.