घरच्या फिश टँकमध्ये खडीऐवजी वाळू टाकली तर चालेल का?

चालेल, पण वाळू कुठली ते बघा. समुद्रकिनाऱ्यावरची नको. तिच्यात शिंपल्यांचा चुरा असतो, त्याने पाणी जड होतं आणि पीएच चढतो. शंका असेल तर चिमूटभर वाळूवर व्हिनेगर टाका. बुडबुडे आले की बाद. बांधकामाची क्रश सँडही टाळा, तिच्या धारदार कडांनी कोरीडोराससारख्या तळ उकरणाऱ्या माशांच्या मिशांना इजा होऊ शकते. नदीची बारीक वाळू मिळाली तर उत्तम. बादलीत घालून पाणी नितळ येईपर्यंत धुवा (कंटाळवाणं काम, पण टाळलंत तर टाकी गढूळ). थर २-३ सेंटिमीटर पुरे. जाड थरात ऑक्सिजन पोचत नाही, सडक्या अंड्यासारख्या वासाचा वायू साचतो. फिल्टर तळापासून जरा वर लावा, नाहीतर तो वाळू ओढतो.