उत्खननाला जायचंय, पण पैसे कोण देणार?

तुझा प्रश्न दोनदा वाचला. बीएचं दुसरं वर्ष, गाव कोल्हापूर जिल्ह्यात शाहूवाडीकडचं, घरातून कॉलेजला आलेली तू पहिलीच. परदेशातल्या एका फील्ड स्कूलच्या, म्हणजे प्रत्यक्ष उत्खनन शिकवणाऱ्या शिबिराच्या, जाहिरातीत 'कमी प्रतिनिधित्व असलेल्या विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती' असं वाचलंस. ती आपल्याला मिळेल का, आणि नाही मिळाली तर उत्खननाला जायचं कसं, असं विचारलंयस. एकेरीच लिहिते, माझी पुतणी तुझ्याच वयाची आहे.

जाहिरातीचं आधी सांगते: बहुतेक नाही मिळणार. पण त्या शिष्यवृत्त्या खोट्या नाहीत. अमेरिकेत उत्खनन शिकायचं तर विद्यार्थी स्वतः फी भरून फील्ड स्कूलला जातो, वर त्या सुट्टीतली कमाई बुडते ती वेगळीच. म्हणजे ज्याच्या घरी पैसा, त्याच्याच हातात खुरपी. यावर उपाय म्हणून तिथल्या संस्थांनी शिष्यवृत्त्या काढल्या. 'सोसायटी फॉर अमेरिकन आर्किऑलॉजी' तिथल्या मूळ रहिवाशांच्या मुलांना आर्थर पार्कर यांच्या नावाने शिष्यवृत्ती देते. पार्कर सेनेका या तिथल्या मूळ जमातीच्या वंशाचे, आणि १९३५ मध्ये याच संस्थेचे पहिले अध्यक्ष झालेले. इतर मागे राहिलेल्या गटांसाठीही या संस्थेची वेगळी शिष्यवृत्ती आहे. 'आर्किऑलॉजिकल इन्स्टिट्यूट ऑफ अमेरिका'ची जेन वाल्डबॉम शिष्यवृत्ती खास पहिल्यांदा उत्खननाला जाणाऱ्यांसाठी. ऐकायला अगदी तुझ्यासाठीच, पण तिला अमेरिका किंवा कॅनडातल्या कॉलेजात नाव असावं लागतं. 'कमी प्रतिनिधित्व' हा शब्द त्यांनी त्यांच्या समाजाकडे बघून घेतलाय, आपली जात त्या मापात बसतेच असं नाही. म्हणून अशी जाहिरात दिसली की फोटो नंतर बघ, पात्रतेच्या अटी आधी. अर्ज करायला फी मागत असतील तर तिथेच थांब.

राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जातीच्या मुलांसाठी आहे, पण ती परदेशातल्या पूर्ण पदवीसाठी, महिनाभराच्या फील्ड स्कूलसाठी नाही. केंद्राच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीतून तर २०२२ पासून भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास हे विषयच वगळलेत. पुरातत्त्वाच्या पोरांनी यावर काय म्हणायचं ते मी इथे लिहीत नाही.

आता आपल्याकडचं बघ. इथली गोष्ट मुळातच निराळी आहे. १९५८ च्या कायद्यानुसार भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या परवान्याशिवाय कुणी खोदू शकत नाही. त्यामुळे उत्खनन करतात ते सर्वेक्षण स्वतः, राज्यांचे पुरातत्त्व विभाग आणि विद्यापीठांचे विभाग. विद्यार्थी त्या विभागाचा म्हणूनच जातो, आणि मी ज्या ज्या छावण्यांवर राहिले तिथे राहण्या-जेवणाचे पैसे कुणी आमच्याकडून घेतले नाहीत. म्हणून माझं मत असं: तू शिष्यवृत्ती शोधू नकोस, विभाग शोध. एकदा पुरातत्त्वाच्या एमएला प्रवेश मिळाला की उत्खनन अभ्यासक्रमातच येतं, आणि शिष्यवृत्ती त्या पदवीवर मिळते.

पुण्याचं डेक्कन कॉलेज यातलं जुनं नाव. तिथे जाशील तेव्हा राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा अर्ज कर. तू अनुसूचित जातीची आहेस असं लिहिलंयस, तर शासकीय वसतिगृह मिळालं नाही तर राहण्या-जेवणाचा खर्च देणाऱ्या स्वाधार योजनेचाही कर. जातीचा दाखला आणि उत्पन्नाचा दाखला आत्तापासून तयार ठेव. तहसीलच्या खेपा जूनमध्ये सुरू केल्यास तर प्रवेशाच्या धावपळीत जीव जाईल. एमएनंतर ग्रेटर नोएडाच्या पंडित दीनदयाळ उपाध्याय पुरातत्त्व संस्थेत दोन वर्षांची पदव्युत्तर पदविका आहे. तिथे दरमहा विद्यावेतन मिळतं, पण जागा मोजक्याच. पीएचडीला बार्टी (अनुसूचित जातींसाठीची राज्याची संशोधन संस्था) आणि यूजीसीच्या फेलोशिप आहेत, पण ते अजून लांब आहे.

मात्र या सगळ्यात एक भोक आहे, आणि आपल्यासारख्यांची गाडी नेमकी तिथे अडकते. या योजना फी भरतात, मेस भरतात. पण सीझनला जाताना लागणारे बूट, अंथरूण, टोपी, औषधं, येण्याजाण्याचं भाडं यासाठी कुणाचंच खातं नसतं. मी एमएला असताना एका संस्थेने माझा प्रवासखर्च मंजूर केला होता. अट एकच, आधी खर्च करायचा आणि मूळ बिलं जोडायची. जानेवारीत मामाकडून चार हजार उसने घेऊन गेले. परत आल्यावर पाकिटातून एसटीची तिकिटं काढली तर सगळी कोरी! मशीनची तिकिटं ती, दोन महिने घामात आणि उन्हात राहून त्यावरची अक्षरं उडून गेलेली. निम्मे पैसे नामंजूर, उरलेले ऑगस्टमध्ये आले. मामा काही बोलले नाहीत, मामीने मात्र दिवाळीत आठवण काढलीच. तेव्हा कुठलंही अनुदान घेताना 'पैसे आधी की नंतर' हे पहिलं विचार, आणि तिकीट हातात पडलं की त्याच मिनिटाला फोटो काढून ठेव.

दुसरी अडचण महिन्यांची. उत्खनन पावसाळा सरल्यावर, साधारण डिसेंबर ते मार्च. आपल्याकडे तेव्हाच गुऱ्हाळं पेटलेली असतात आणि घरात प्रत्येक हात हवा असतो. आई 'तिथं जाऊन माती उकरण्यापेक्षा इथं चार पैसे मिळव' म्हणते असं तू लिहिलंयस. माझी आई यापेक्षा कडक बोलली होती. पण ती चुकीची नव्हती, तिचा हिशेब रोजंदारीचा होता आणि कुठलीच शिष्यवृत्ती बुडालेली रोजंदारी भरून देत नाही. मी पहिल्या वर्षी पूर्ण सीझन गेलेच नाही, सरांना स्पष्ट सांगून तीनच आठवडे मागून घेतले. मिळाले. सांगायला लाजू नकोस.

आणि 'आपल्याला जमेल का' ही शंका काढून टाक. नगर जिल्ह्यातल्या त्या पहिल्या छावणीवर माझ्या खड्ड्यात गावातल्या एक अक्का कामाला होत्या. मी वहीत मातीचा रंग लिहीत बसले होते. अक्कांची खुरपी चालता चालता थांबली. पुन्हा हळूच टेकवली, आवाज ऐकला आणि म्हणाल्या, "हितं चोपलेलं हाय गं, घर असंल." मला ती माती आणि शेजारची माती एकच दिसत होती. संध्याकाळी ब्रशने साफ केल्यावर चुन्याचा हात दिलेली जमीन निघाली, कडेला चुलीची राख. जन्मभर जमीन सारवलेल्या बाईला ते कानाने कळलं. अहवालात तिचं नाव नाही. आपली माणसं उत्खननात पहिल्यापासून आहेत, फक्त घमेल्याच्या बाजूला. तू वहीच्या बाजूला जायचं म्हणतेयस, एवढाच फरक.

तोवर कोल्हापुरात बसून काय करशील? टाऊन हॉल म्युझियमला जा, पण घाईने फिरून येऊ नकोस. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकाडावर १९४५-४६ मध्ये पुरातत्त्वज्ञ सांकलिया आणि दीक्षित यांनी उत्खनन केलं, त्याच टेकाडातली पोसायडनची छोटी कांस्यमूर्ती तिथे आहे. ग्रीकांचा हा समुद्रदेव सातवाहन काळात आपल्या नदीकाठी कसा पोचला, हे डोक्यात घेऊन मग खापरांची कपाटं बघ. मुलाखतीत 'पुरातत्त्व का' असं विचारलं तर सिंधू संस्कृतीवर पाठ केलेलं भाषण देऊ नकोस, ब्रह्मपुरी सांग. टेकाडावर गेलीस तर खापर दिसलं तरी उचलायचं नाही, जागा लिहून ठेवायची.

राहण्याची काळजी घरचे करत असतील तर मुलींची सोय कशी आहे, विभागातल्या कोण मॅडम सोबत आहेत, हे आधीच फोन करून विचार आणि फोन आईच्या हातात दे. माझ्या आईचं मन त्या एका फोनने वळलं, माझ्या महिनाभराच्या विनवण्यांनी नव्हे.

तुझं तिसरं वर्ष कधी संपतंय आणि उत्पन्नाचा दाखला कुठल्या सालचा आहे, तेवढं खाली लिही. पुढचं त्यावर सांगते.