लॉकवरच्या स्वयंसेवकांना गृहीत धरू नकोस

पहिल्यांदाच नॅरोबोट (कालव्यातली लांब, अरुंद बोट) भाड्याने घेतोयस, तर एक आधीच सांगून ठेवतो. इंग्लंडच्या कालव्यांवर लॉकपाशी, म्हणजे पाणी भरून किंवा सोडून बोट वर-खाली नेणाऱ्या गेटबंद हौदापाशी, लाइफजॅकेट घालून, हातात विंडलास (लॉक चालवायचं हँडल) घेऊन उभी असलेली मंडळी बऱ्याचदा पगारी नसतात. २०१२ पासून बहुतेक कालवे कॅनाल अँड रिव्हर ट्रस्ट ही धर्मादाय संस्था सांभाळते, आणि हे तिचे स्वयंसेवक, पुष्कळसे निवृत्त. थेम्सवर कारभार एन्व्हायर्नमेंट एजन्सीचा. तिथे पगारी लॉककीपर असतात, पण जोडीला स्वयंसेवकही.

डिव्हायझेस गावाजवळच्या केन हिलला २९ लॉक आहेत, त्यातले १६ तर सलग चढणीवर. तिथे मदत मिळाली की अर्धा जीव वाचतो. म्हणून चहाचा कप घेऊन डेकवर बसून राहायचं नाही! आधी विचार, "मी कुठलं गेट बघू?" त्यांनी सांगितल्याशिवाय पॅडलला, म्हणजे पाणी सोडायच्या झडपेला, हात लावू नकोस. खाली उतरताना बोटीचा मागचा भाग सिलच्या (वरच्या गेटखालच्या पाण्यातल्या उंबरठ्याच्या) खुणेच्या पुढे ठेव. तो सिलवर टेकला, की पाणी उतरेल तशी बोट तिरकी होते. अशा वेळी कुणी "थांब" म्हणून ओरडलं तर राग मानू नकोस. बोटीची जबाबदारी शेवटी तुझीच.

आभाराला बिस्किटांचा पुडा चालतो. चकली दिलीस तर गप्पा लांबतील आणि मागचा बोटवाला वैतागेल, तेवढं बघ. त्याहून उपयोगी म्हणजे लॉकचं नाव आणि तारीख घालून ट्रस्टला दोन ओळी पाठव. तक्रारी काय, सगळेच करतात. बोट परत करायच्या गडबडीत हे राहून जातं, म्हणून त्याच संध्याकाळी दोर बांधून झाला की लिहून टाक.