भयपटाचा ट्रेलर कापतोयस, तर आधी आवाज बघ

राजहंसगडावरचे तुझे शॉट झकास आहेत. पण पहिल्या सेकंदापासून ढोल बडवलायस, मग भीती वाटणार कधी? सुरुवातीला नुसता वारा ठेव. खानापुरात पत्र्यावरचा पाऊस रेकॉर्ड केलायस ना, तोच हळूहळू चढव. दार उघडायच्या ऐन आधी सगळं बंद. 24 फ्रेमचा एक सेकंद धरला तर 15-20 फ्रेम पुरे. तेवढ्यात बघणारा श्वास रोखतो. मग दणका, तोही एकदाच. प्रत्येक कटला धाडधाड केलं की लोक हसतात.

ड्रोन कमी कर बाबा, गडाची जाहिरात करायचीय का? नायिकेच्या चेहऱ्याकडे सावकाश सरकणारा शॉट घे आणि ती कशाकडे बघतेय ते दाखवूच नको. 1979 च्या 'एलियन'चा ट्रेलर बघ, त्यात एकही संवाद नाही.

आणि हो, खोल घुमणारा आवाज हेडफोनवर भारी वाटतो, मोबाइलच्या स्पीकरवर मात्र गायब होतो. त्यात वरच्या पट्टीतली थोडी खरखर मिसळ. कन्नड सबटायटलही टाक. बेळगावात निम्मे लोक तेच वाचतील.