काटा तोच, दम मात्र कमी

प्रश्न : मी ६२ वर्षांची आहे, सिगारेट कधी ओढली नाही. पीएफटीत (फुंकून करतात त्या फुप्फुसांच्या तपासणीत) एफईव्ही-१ १.६ लिटर आलाय आणि पुढे ९१ टक्के लिहिलंय. म्हणजे नऊ टक्के फुप्फुस गेलं का? (राजेंद्र नगर, इंदूर)

काही गेलेलं नाही. तुमच्याच वयाच्या आणि उंचीच्या निरोगी बाईशी केलेली ती तुलना आहे, परीक्षेतले गुण नव्हेत. ८०च्या वर साधारणपणे ठीक समजतात. जोरात फुंकल्यावर पहिल्या सेकंदात बाहेर येणारी हवा म्हणजे एफईव्ही-१. विशी-पंचविशीत ती सर्वाधिक असते, मग वर्षाला साधारण २५-३० मिलिलीटर कमी होत जाते. एक मात्र विचारते, तपासणीच्या वेळी उंची मोजली, की तुम्ही सांगितली? पुष्कळ बायका लग्नाच्या वेळची उंची सांगतात. पाठीला बाक आलेला असतो. मग उंची जास्त लागते आणि टक्के उगाच कमी दिसतात. रिपोर्ट जपून ठेवा, पुढच्या वेळी आपलाच आकडा आपल्याशी ताडून बघा.

प्रश्न : पाळी गेल्यापासून रालामंडल टेकडीची चढण चढताना दम लागतो. वजन दहा वर्षं ६४ किलोच आहे! (सुदामा नगर)

काट्याला चरबी आणि स्नायू यांतला फरक कळत नाही. या वयात स्नायू घटतात आणि मांड्यांवर बसणारी चरबी पोटावर येते. श्वास घेताना फुप्फुसांखालच्या स्नायूच्या पडद्याला खाली सरकायचं असतं, तिथे पोट आडवं येतं. वाकून चपलेचा पट्टा लावताना धाप लागते ती यामुळेच. १८४६ साली जॉन हचिन्सन यांनी लंडनमध्ये आपलं श्वासमापक यंत्र मांडलं, तेव्हाच वय आणि वजन यांचा परिणाम नोंदला होता. तुम्ही कमर मोजा. आपल्याकडच्या बायकांत ८० सेंटिमीटरच्या आत हवी. पण उपास करून वजन उतरवू नका, त्यात स्नायूही जातात. हात न टेकता खुर्चीतून उठा-बसा, डाळ-पनीर वाढवा, जलेबी रविवारीच. आणि आधी हिमोग्लोबिन व ईसीजी करा. दम नेहमी फुप्फुसाचाच नसतो.

प्रश्न : मी ४१ वर्षांची. अठरा वर्षं रोज सहा-सात सिगारेटी, घरी माहीत नाही. आता सोडून काय उपयोग? वजन वाढेल ते वेगळंच. (नाव नको)

सहा-सात कमी वाटतात. पण तेवढ्याच आकाराच्या फुप्फुसांतही बायकांच्या श्वासनलिका पुरुषांपेक्षा अरुंद असतात, त्यामुळे थोड्या धुरानेही नुकसान जास्त होतं. गेलेलं बहुतेक परत येत नाही, पण सोडल्यावर एफईव्ही-१च्या घसरणीचा वेग न ओढणाऱ्यांच्या जवळपास येतो. अमेरिका-कॅनडातल्या एका मोठ्या पाहणीत सोडल्यानंतरच्या पहिल्या वर्षी बायकांचा हा आकडा पुरुषांपेक्षा जास्त सुधारलेला दिसला. चार-पाच किलो वाढतील कदाचित. त्यापायी जाणारा श्वास सिगारेटपायी जाणाऱ्यापेक्षा फार थोडा. कमी-कमी करत बसू नका, तारीख ठरवून बंद करा. तलफ फार सतावली तर निकोटीन गमबद्दल डॉक्टरांना विचारा. घरी सांगायचं की नाही, तुमचं तुम्ही ठरवा. डॉक्टरांना मात्र खरा आकडा सांगा.

प्रश्न : यजमान बाल्कनीत उभे राहून ओढतात, दार लोटलेलं असतं. चालेल? (तिलक नगर)

नाही. लोटलेल्या दारातून धूर आत येतोच.