ध्यान भारतातूनच सगळ्या धर्मांत गेलं का?

तुमचा प्रश्न असा, की ध्यान मूळचं भारतातलं आणि इथूनच ते बाकी धर्मांनी उचललं, हे खरं का. माझं उत्तर: पूर्वेकडच्या देशांपुरतं खरं, पश्चिमेबाबत नाही.

चीन, तिबेट, जपानला ते बौद्ध भिक्खूंबरोबर गेलं, यात वाद नाही. इथे तर ते बुद्धांच्याही आधी होतं. पाली ग्रंथ सांगतात, की बुद्ध आधी आळार कालाम आणि उद्दक रामपुत्त यांच्याकडे समाधी शिकले.

ख्रिस्ती परंपरेची वाट मात्र वेगळी. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटातले साधू एखादंच छोटं वचन पुन्हा पुन्हा म्हणत. पुढे ग्रीसमधल्या अथोस पर्वतावरच्या मठांत येशूचं नाव श्वासाबरोबर घेण्याची रीत रुळली, हनुवटी छातीला लावून, नजर पोटाकडे. बार्लाम नावाच्या विद्वानाने त्यांची टर उडवली. ग्रेगरी पालामास साधूंच्या बाजूने उभे राहिले आणि १३४१ मध्ये कॉन्स्टँटिनोपलच्या धर्मसभेने साधूंच्याच बाजूने कौल दिला. सूफींचा जिक्र आपल्या नामस्मरणासारखा वाटतो खरा, पण त्याचं मूळ कुराणातल्या ईश्वरस्मरणाच्या आज्ञेत आहे. म्हणून ‘शेवटी सगळं एकच’ हे मला पटत नाही. अथोसचा साधू देवाची कृपा मागतो, विपश्यनेचा साधक संवेदना येते-जाते एवढंच पाहतो.

मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो दुसराच प्रश्न: ध्यानाला बसायचं कोणी? मी ठाण्याचा. आमच्या येऊरच्या डोंगरापलीकडे, त्याच जंगलात कान्हेरीची लेणी आहेत. तिथल्या एकेका विहारात अंधारी खोली, भिंतीलगत दगडात कोरलेला ओटा आणि बाहेर पाण्याचं टाकं. शिलालेखांत दान देणाऱ्यांची नावं आहेत, त्यांत कल्याणचे व्यापारीही आहेत. म्हणजे पैसा गृहस्थाचा, ओटा भिक्खूचा. दान करून गृहस्थ पुण्य जोडायचा, ध्यान हे प्रामुख्याने संन्याशाचं काम. ज्ञानेश्वरांनी १२९० मध्ये सहाव्या अध्यायात आसन, प्राण, कुंडलिनी हे सगळं मराठीत उघड करून सांगितलं. तरी वारकरी माणसाच्या हाती रोजच्यासाठी आलं ते नाम, आणि ते प्रपंचात राहून घेता येतं हे मला फार मोलाचं वाटतं.

सामान्य माणसाने दहा दिवस मौन धरून बसायचं, ही पद्धत आधुनिक आहे. १८८५ मध्ये इंग्रजांनी ब्रह्मदेशाचा राजा पदच्युत केला आणि भिक्खुसंघाचा राजाश्रय गेला. धर्म टिकवायचा तर तो घराघरांत न्यायला हवा, म्हणून लेडी सयाडो यांच्यासारखे भिक्खू गृहस्थांना शिकवू लागले. त्याच परंपरेतले सयाजी ऊ बा खिन हे तर सरकारी महालेखापाल, कचेरीतल्या लोकांना विपश्यना शिकवणारे. त्यांचे शिष्य सत्यनारायण गोएंका १९६९ मध्ये भारतात आले, मग इगतपुरीचं केंद्र उभं राहिलं. आज नवी मुंबईत बेलापूरच्या पारसिक हिलवरही केंद्र आहे. कल्याणहून लोकलने कामाला जाणारी माणसं रजा टाकून तिथे बसतात. त्यांच्या गावचे व्यापारी दोन हजार वर्षांपूर्वी दुसऱ्यांसाठी ओटे कोरवून देत होते.

१९७९ मध्ये अमेरिकेत जॉन कबाट-झिन यांनी जुनाट दुखण्याच्या रुग्णांसाठी धर्म बाजूला ठेवून ध्यानाचा अभ्यासक्रम काढला. रुग्णाला आराम पडतो ही चांगलीच गोष्ट आहे, मात्र हे कोणाकडून आलं तेही त्याला सांगायला हवं.