सर्वांत मागच्याचा वेग

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र आणि सोबतची यादी, दोन्ही मिळाले. देशाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचे सुमारे ३,००० किलोमीटर चौघा मित्रांनी आपापले सामान आपापल्या सायकलवर लादून पार करायचे, हा बेत वाचून मला फार आनंद झाला. यादी मी दोनदा वाचली. तंबूच्या खुंट्यांपासून सुईदोऱ्यापर्यंत ६३ वस्तू तू नोंदवल्या आहेस. बाकीच्या तिघांविषयी मात्र पत्रात एकच वाक्य आहे: आम्ही शाळेपासूनचे मित्र आहोत, त्यामुळे त्या बाबतीत काही प्रश्नच नाही. माझे हे पत्र त्या एका वाक्याविषयी आहे.

माझ्या आयुष्यात दोन मोठ्या सफरी अर्धवट सुटल्या. दोन्ही जिवलग मित्रांबरोबरच्या होत्या, आणि दोन्ही वेळा सायकली शेवटपर्यंत ठणठणीत होत्या. मैत्रीत आपण एकमेकांना भेटतो आणि घरी जातो. सफरीत मात्र एकाच्या थकव्याचा, भुकेचा आणि हट्टाचा भार उरलेल्यांना दिवसभर वाहावा लागतो आणि रात्री त्याच तंबूत झोपावे लागते. त्याची तयारी पायांच्या तयारीइतकीच आधी करावी लागते.

सुरुवात वेगापासून करू. सपाट रस्त्यावर चौघांच्या ताकदीतला फरक फारसा दिसत नाही, कारण तिथे मुख्य अडथळा हवेचा असतो आणि दमलेल्याला पुढच्याच्या आडोशाने चालता येते. फरक उघडा पडतो तो चढावर. तिथे सामानासकट शंभराहून अधिक किलो वजन वर खेचायचे असते आणि वेग इतका कमी असतो की आडोशाचा काही उपयोग होत नाही. समजा, सहा टक्क्यांच्या, म्हणजे दर शंभर मीटरला सहा मीटर वर नेणाऱ्या चढावर तू ताशी ८ किलोमीटरने जातोस आणि तुझा मित्र ६ किलोमीटरने. हा फरक ऐकायला किरकोळ वाटतो, पण चढण १२ किलोमीटरची असेल तर तू दीड तासात माथ्यावर पोचतोस आणि तो दोन तासांनी. तोवर तुझी अर्ध्या तासाची विश्रांती झालेली असते, घाम वाळून अंगात थंडी भरू लागलेली असते, आणि तो येऊन सायकल टेकवतो न टेकवतो तोच तू हेल्मेटचा पट्टा बांधू लागतोस. ज्याला विश्रांतीची सर्वाधिक गरज असते, त्याच्याच वाट्याला ती सर्वांत कमी येते. हे दिवसातून तीनदा आणि आठवडाभर घडले की तो माणूस बोलेनासा होतो, आणि बाकीच्यांना वाटते की त्याचा स्वभावच बदलला.

म्हणून पहिल्या दिवसापासून एक नियम ठेवा: माथ्यावरून कधी निघायचे हे शेवटी पोचलेला ठरवील. वर पोचणाऱ्याने आधी जाकीट चढवावे आणि मग निवांत बसावे. दुसरा उपाय सामानाच्या वाटपाचा आहे. मित्र सारखे म्हणून वजनही सारखे वाटून घ्यायचे, ही समता सफरीत उपयोगाची नाही. तंबू, शेगडी, जादा टायर आणि अवजारांची पिशवी यांसारखे सामाईक ओझे ताकदवानांच्या सायकलींवर जावे, आणि दर दोन-तीन दिवसांनी परत पाहावे. चार-पाच किलो इकडून तिकडे गेले की चढावर दोघांत पडणारे अंतर बरेच घटते. मागे राहणाऱ्याला हे सांगताना संकोच वाटेल, म्हणून ते त्याला सांगावे लागू नये, इतरांनीच करावे.

आता माझ्याकडून झालेली एक चूक सांगतो. आम्ही तिघे होतो. सायकली खोक्यांत घालून नेण्यासाठी सीट पूर्ण खाली उतरवल्या होत्या आणि मुक्कामी पोचल्यावर अंदाजानेच पुन्हा वर केल्या. दुसऱ्या दिवसापासून आमच्यातला एक जण मागे पडू लागला. याने सराव केला नाही, असे मी मनाशी ठरवले आणि एका थांब्यावर त्याच्या तोंडावर बोलूनही दाखवले. तो काही बोलला नाही. चौथ्या दिवशी संध्याकाळी मी त्याला जिना उतरताना पाहिले. भिंतीला हात टेकवून, अंग आडवे करून, प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय ठेवत तो उतरत होता. दुखणे गुडघ्याच्या पुढच्या बाजूस, वाटीच्या खाली होते. मी त्याची सायकल धरली, त्याला सीटवर बसवले आणि टाच पेडलवर ठेवून ते अगदी खाली न्यायला सांगितले. त्या स्थितीत पाय सरळ व्हायला हवा. त्याचा गुडघा चांगलाच वाकलेला राहिला. सीट जवळजवळ दोन सेंटिमीटर खाली होती, आणि रोज हजारो वेळा तो गुडघा नको तितका वाकून दाबला जात होता. सीट वर केली, पण तोवर सूज आली होती. दोन दिवस थांबून तो परत गेला. त्याने दुखणे लपवले, कारण त्याच्यामुळे आम्हाला थांबावे लागेल असे त्याला वाटत होते. त्याला तसे वाटावे असे मी बोललो होतो.

त्यातला यांत्रिक धडा सोपा आहे. निघण्यापूर्वी प्रत्येकाने आपली सीट नीट बसवून घ्यावी आणि सीटपोस्ट, म्हणजे सीटचा दांडा, जिथे फ्रेममध्ये शिरतो तिथे चिकटपट्टीची एक अरुंद पट्टी गुंडाळावी. पट्टी फ्रेमच्या आत गेली तर सीट घसरली, वर राहिली तर जास्त चढली. गुडघ्याच्या मागे दुखू लागले तर बहुधा सीट फार उंच असते, पुढे दुखले तर फार खाली. दुसरा धडा पाळायला कठीण आहे. रोज संध्याकाळी जेवणाआधी चौघांनीही आळीपाळीने आज काय दुखते ते सांगायचे, आणि काही दुखत नाही हे उत्तर चालणार नाही. करंगळीला मुंग्या येत असतील तर हँडलवर भार जास्त पडतो आहे आणि तळहाताच्या कडेची नस दाबली जाते आहे; हातांची जागा वरचेवर बदलावी, हँडल थोडे वर घ्यावे. सीटवर घासून कातडी लाल झाली असेल तर त्याच दिवशी धुऊन कोरडी करावी आणि मलम लावावे, कारण जखम झाल्यावर सायकल चालवता येत नाही. चौघांनाही बोलावे लागले की कुणालाच लपवावेसे वाटत नाही.

वाऱ्याविषयी तुझ्या पत्रात काही नाही. चढाचा माथा दिसतो, समोरच्या वाऱ्याला माथा नसतो. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे अशा दिवशी जोर लावून नेहमीचा वेग टिकवू पाहणारा दुपारपर्यंत संपतो. अशा वेळी मित्र असणे म्हणजे काय ते कळते. चौघांनी एकामागे एक जावे, पुढच्याने तीन-चार मिनिटे वारा अंगावर घ्यावा आणि मग मागचा रस्ता पाहून बाजूला सरून शेवटी यावे. मागच्यांचे श्रम लक्षणीय कमी होतात. दोन सायकलींमध्ये सायकलभर अंतर तरी राखावे. लादलेली सायकल चटकन थांबत नाही. पुढच्याच्या मागच्या चाकाला आपले पुढचे चाक घासले तर पडतो तो मागचाच. खड्डा किंवा काच दिसली की पुढच्याने हाताने खूण करावी. बलवानाने पुढे असताना वेग वाढवू नये, हवे तर जास्त वेळ पुढे राहावे. दुपारकडे वारा बहुधा वाढतो, म्हणून उजाडताच निघण्याची सवय चौघांनीही निघण्यापूर्वीच लावून घ्यावी. एक जरी उशिरा उठणारा असला तरी चौघांची सकाळ जाते.

वादांची वेळ मी अनेक सफरींत पाहिली आहे: संध्याकाळी चारच्या पुढे, मुक्कामाला १५ ते २० किलोमीटर उरलेले असताना. कारण रस्ता चुकल्याचे किंवा मुक्कामाच्या जागेचे असते, पण मुळाशी बहुतेक वेळा भूक असते. शरीरातला साखरेचा साठा काही तासांच्या श्रमांत उतरतो आणि माणूस आधी चिडचिडा होतो, मग सुस्त. भूक लागण्याची वाट न पाहता दर तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके पोटात जातील असे काहीतरी खात राहा. उन्हात नुसते पाणी पीत राहू नका, त्याबरोबर मीठही जाऊ द्या. आणि चारनंतर मतभेद झालाच, तर आधी सायकली उभ्या करून चौघांनी काहीतरी खायचे आणि मग बोलायचे, हेही आधीच ठरवून टाका. माझ्या अनुभवात निम्मे वाद त्या दहा मिनिटांतच विरून गेले आहेत.

आता तुझ्या यादीकडे येतो. १८८४ मध्ये टॉमस स्टीव्हन्स सॅन फ्रान्सिस्कोहून बॉस्टनला उंच पुढच्या चाकाच्या सायकलवरून गेला, तेव्हा त्याच्याजवळ मोजे, एक जादा सदरा, एक पिस्तूल आणि तंबू व अंथरूण म्हणूनही वापरता येईल असा एक रेनकोट होता. तू इतके कमी न्यावेस असे मी म्हणत नाही. पण तो एकटा होता आणि तुम्ही चौघे आहात, याचा फायदा तुझ्या यादीत दिसत नाही. ती एकाच माणसाची यादी आहे, चार वेळा लिहिलेली. चौघांच्या चाकांचा आकार, ट्यूबचे व्हॉल्व्ह आणि चेनचा प्रकार एकच असेल, तर एक घडीचा टायर, एक चेन-टूल (चेन सोडवायचे अवजार) आणि दोन चेन-लिंक (चेन जोडायच्या कड्या) सर्वांना पुरतात. ट्यूब, पंक्चरचे साहित्य आणि टायर काढायच्या पट्ट्या मात्र प्रत्येकाकडे हव्यात. स्पोक प्रत्येक सायकलचे वेगळे असतात, ते ज्याचे त्याने फ्रेमला चिकटवून न्यावेत. लादलेल्या सायकलचे स्पोक बहुधा मागच्या चाकात, गिअरच्या बाजूचे तुटतात आणि ते बदलायला कॅसेट, म्हणजे मागच्या चाकावरचा गिअरच्या दातेरी चकत्यांचा संच, काढावी लागते. ते काम चौघांपैकी दोघांना तरी घरीच येऊ दे. पंप दोन घ्या आणि त्यातला एक नेहमी सर्वांत मागच्याकडे ठेवा. पुढे गेलेल्याकडचा पंप पंक्चर झालेल्याच्या कामाचा नसतो.

१९७६ मध्ये अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या द्विशताब्दीनिमित्त ऑरेगॉन आणि व्हर्जिनिया यांमधल्या सुमारे ६,८०० किलोमीटरच्या मार्गावर हजारो सायकलस्वारांनी प्रवास केला. त्यांतले पुष्कळसे गटाने गेले आणि गटांना नेमलेले प्रमुख होते. मित्रांच्या गटाला प्रमुख नसतो, आणि मग जो मोठ्याने बोलतो तोच प्रमुख होऊन बसतो. तुम्ही ते पद रोज बदला. त्या दिवशीच्या प्रमुखाने रस्ता, थांबे आणि मुक्काम ठरवावा, इतरांनी त्या दिवसापुरते ऐकावे. वळणावर, मागचा दिसेपर्यंत पुढच्याने थांबायचे, एवढी एक शिस्त पाळली तर कुणी हरवत नाही.

दिवसांचा हिशेब तू फार ओढून केला आहेस. रोज १०० किलोमीटर आणि ३० दिवस, यात एकही मोकळा दिवस नाही. ८० किलोमीटर धरलेस तर ३८ दिवस होतात. दर सहा दिवसांनी एक विश्रांती आणि पाऊस-बिघाडासाठी तीन-चार दिवस धर, म्हणजे साधारण दीड महिना. तेवढी रजा सर्वांना मिळत नसेल तर अंतर कमी कर, विश्रांती कमी करू नकोस. विश्रांतीच्या दिवशी चौघांनी एकत्र असलेच पाहिजे असेही नाही. एखाद्याला एकटे बसू द्यावे, त्याचे वाईट वाटून घेऊ नये.

आणि कुणाला पुढे जाणे जमले नाही तर काय, हे घरीच, चौघे ताजेतवाने असताना ठरवा. दोन दिवस वाहनाने पुढे जाऊन पुन्हा येऊन मिळायचे, की परत फिरायचे, आणि परत फिरणाऱ्यासोबत कोण जाणार, सामाईक खर्चाचे काय, हे सगळे लिहून ठेवा. माझ्या त्या मित्राला वाहनाने पुढे जाऊन आम्हाला गाठणे सहज शक्य होते. ते आम्हा तिघांपैकी कुणालाही सुचले नाही, कारण निघताना आम्ही फक्त पोचण्याविषयी बोललो होतो.

पुढच्या महिन्यात चौघांनी पूर्ण सामानासह दोन दिवसांची एक फेरी करा. त्यात एक तरी लांब चढ आणि एक तंबूतला मुक्काम असू दे. परत आल्यावर मला चार गोष्टी कळव: प्रत्येकाच्या सीटची उंची, चढावर पहिला आणि शेवटचा यांच्यात किती मिनिटांचे अंतर पडले, कोणाचे सामान कोणाकडे गेले, आणि संध्याकाळी काय दुखते असे विचारल्यावर सर्वांत शेवटी कोण बोलले. त्या माणसाशी मला एकदा बोलायचे आहे. त्याला माझा फोन नंबर दे.

कळावे,
तुझा हितचिंतक